उठावाची नक्षी: व्हीकार्व्ह, कार्व्हेको की ब्लेंडर?

सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशीन, विकणारा ते चालवायला शिकवून जातो. डिझाइन मात्र नागपूर-अमरावतीहून पेनड्राइव्हवर आणावं लागतं, आणि मग गावोगावच्या दारांवर तेच मोर, तेच गणपती. आपली उठावाची (लाकडातून वर उठून दिसणारी) नक्षी आपणच करावी असं मनापासून वाटत असेल, तर त्यासाठीच्या तीन सॉफ्टवेअरबद्दल हे वाचा.

सगळ्यात सोपं व्हीकार्व्ह डेस्कटॉप. नावाची पाटी, वेलबुट्टी लवकर जमते. तयार एसटीएल मॉडेलही (त्रिमितीय आकाराची फाइल) कोरता येतं, पण एका कामात एकच, आणि त्याचा उठाव बदलता येत नाही. ती सोय त्याच कंपनीच्या अस्पायरमध्ये आहे, किंमत कितीतरी पट. व्हीकार्व्ह डेस्कटॉपमध्ये कामाचा आकारही 25 बाय 25 इंचांपुरताच. सात फुटी दार तुकड्यातुकड्यांत करावं लागतं. दारांचंच काम असेल तर सरळ त्याची मोठी आवृत्ती, व्हीकार्व्ह प्रो घ्या. पैसे मात्र एकदाच भरायचे.

कार्व्हेको मेकर हे आर्टकॅम या नक्षीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या घराण्यातलं. आर्टकॅमची विक्री ऑटोडेस्कने 2018 मध्ये बंद केली, तरी जुने ऑपरेटर अजून तेच वापरतात, त्यामुळे शिकवणारा माणूस जवळपास सापडतो. पानाची बाह्यरेषा काढा, उंची द्या, पान फुगून वर येतं. भाडं महिन्याचं आहे, आणि आपल्याकडे ते सोयीचं पडतं: कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की देव्हारे निघतात, पावसाळ्यात दुकान थंड. पेनड्राइव्हवर फिरणारं क्रॅक (चोरीचं) आर्टकॅम मात्र घेऊ नका, त्यातून व्हायरस येतो.

ब्लेंडर पूर्ण फुकट, आणि माझा जीव त्याच्यावरच आहे. मातीसारखा आकार दाबता-उचलता येतो. शिकायला वेळ लागतो, हे खरं. फोटो टाकला की उठाव तयार, अशी अपेक्षा ठेवू नका. चित्रातला उजळ भाग उंच आणि काळा भाग खोल, एवढंच त्याला कळतं. गजानन महाराजांचा फोटो तसाच टाकलात तर काळी दाढी खड्ड्यात जाते आणि कपाळावरची चमक टेकाड होते. आधी राखाडी छटांत उंचीचा नकाशा रंगवावा लागतो. साध्या 8 बिट चित्रात छटा 256च. 10 मिलिमीटर खोलीत प्रत्येक पायरी सुमारे 0.04 मिलिमीटरची. तेवढं बारीक काम लाकडात पुरतं, पण जेपीजीतले डाग गालावर पुरळासारखे उमटतात, म्हणून पीएनजी वापरा.

ब्लेंडर स्वतःहून टूलपाथ, म्हणजे मशीनच्या पात्याने जायचा मार्ग, देत नाही. म्हणून मी सुचवीन ती जोडी: आकार ब्लेंडरमध्ये, कापणी व्हीकार्व्हमध्ये. दोन्ही लॅपटॉपवर बसतात, रेंज गेली तरी काम अडत नाही. ब्राउझरमध्ये चालणारं इझेल याच कारणाने मी बाजूला ठेवतो.

पैसे भरण्याआधी व्हीकार्व्हची चाचणी आवृत्ती उतरवा. तिच्यातून स्वतःच्या डिझाइनचा टूलपाथ बाहेर काढता येत नाही, पण कापणी पडद्यावर पूर्ण दिसते. आपल्या मशीनच्या कंट्रोलरचा पोस्ट-प्रोसेसर (टूलपाथ मशीनच्या भाषेत बदलणारा भाग) यादीत आहे का, तेही तिथेच पाहून घ्या. आणि पहिला तुकडा एमडीएफवर काढा, आलापल्लीच्या सागावर नको.