अपघाताच्या क्लेमसाठी कोर्टातला मोफत वकील: आमचा पावणेदोन वर्षांचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच. रिव्ह्यू लांबलाय, पण ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा, आम्हाला तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं.

२०२३ च्या डिसेंबरात माझे जिजाजी पारोळ्याहून एरंडोलकडे बाईकवर येत होते, हायवेने, संध्याकाळचे साडेसात, आणि समोरून राँग साइडने ट्रक आला. जागेवर गेले. वय ३४. गावात मोटार वायंडिंगचं दुकान होतं त्यांचं, विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. ताई, नऊ आणि पाच वर्षांची दोन पोरं आणि जिजाजींची म्हातारी आई, चौघं त्या एका शटरवर.

दारावर माणसं येत होती, अजून गंधमुक्ती पण झाली नव्हती, तेव्हाच एक एजंट घरी येऊन बसला. कुठून कळलं त्याला देव जाणे. म्हणे भाऊ एक रुपया देऊ नका, सगळं आम्ही बघतो, क्लेम आला की त्यातले २५ टक्के आमचे, आणि पाच लाख तर लगेच काढून देतो. वकीलपत्र आणि कोरा स्टॅम्प पेपर त्याने ताईच्या समोर ठेवला. ताई भिंतीला टेकून बसलेली, ती एवढंच म्हणाली, "मना माणूस गया, पैसा लिसन काय करू." आणि पेन हातात घेतलं पण होतं, कारण समोरचा माणूस उठून जावा एवढंच तिला वाटत होतं. मी ते कागद उचलून त्याच्या फाईलीत परत घातले. त्या एका मिनिटाचा विचार आला की आजही पोटात गोळा येतो. वकिलाने क्लेमच्या रकमेत हिस्सा ठरवून घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसतच नाही, हे पण मला नंतर कळलं.

विधी सेवेचं, म्हणजे ह्या मोफत वकिलाच्या सोयीचं, नाव आम्हाला गावच्या अंगणवाडी ताईंनी सांगितलं, त्यांनी कुठल्यातरी कायदे शिबिरात ऐकलं होतं. प्रत्येक जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. मी उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला दोन खेटे मारून आलो होतो, तर विधी सेवेच्या ऑफिसातल्या क्लार्क बाई म्हणाल्या, कशाला एवढी पायपीट केली दादा, बाईला आणि लहान मुलांना उत्पन्नाची अटच नाही, आधार, रेशनकार्ड आणि अर्ज द्या. ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज त्यांनीच भरला. दवाखाना, पोलीस स्टेशन, आरटीओ सगळं फिरून आलेल्या माणसाला त्या खुर्चीची किंमत कळते.

आता कापलेला स्टार. पहिले जे वकील नेमून दिले त्यांनी दीड महिना फोन उचलला नाही. भेटले की "करतो करतो". इकडे दावा सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ती मुदत घातली आणि एप्रिल २०२२ पासून लागू झाली, त्यामुळे माझी झोप उडाली होती. शेवटी त्याच ऑफिसात वकील बदलून द्या म्हणून साधा अर्ज दिला आणि आठवड्यात दुसऱ्या वकील मॅडम मिळाल्या. बदलून मागता येतं हे कोणी आपणहून सांगत नाही, आम्हाला सांगितलं असतं तर दीड महिना वाचला असता.

मॅडमनी पहिल्या भेटीत तो पाच लाखांचा घोळ फोडून सांगितला. त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख मिळतात, चूक कोणाची ते सिद्ध करावं लागत नाही, पण ते घेतले की विषय तिथेच संपतो, मग कलम १६६ चा मोठा, पूर्ण भरपाईचा दावा चालत नाही. म्हणजे एजंट जे "लगेच काढून देतो" म्हणत होता ते घेऊन पोरांचं पुढचं सगळं बंद झालं असतं. आणि ट्रक बाहेरच्या राज्याचा होता म्हणून आम्ही घाबरलो होतो की तिकडे जावं लागेल, तर तसं नाही, आपण राहतो तिथल्या ट्रायब्युनलला (अपघाताचे दावे ऐकणारं कोर्ट) दावा टाकता येतो. (गाडी सापडलीच नाही तर मात्र हिट अँड रनचे २ लाख, त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो.)

मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो आधीच्या कोणीच विचारला नव्हता. "ते दुकानाचा हिशोब कशात लिहायचे?"

जिजाजी रिटर्न भरत नव्हते. पगारपत्रक नाही, काही नाही. पण लाल पुठ्ठ्याचं, लांबट एक रजिस्टर होतं, दुकानातल्या फळीवर वार्निशच्या डब्याखाली दबलेलं. ताईने ते आणून दिलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट उघडून बघितलं. पानापानावर काळे अंगठे, तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे शिवणीत अडकलेले, आणि त्यांचं ते तिरकं अक्षर: कोणाची पाच एचपी, कोणाची साडेसात, तार किती किलो, मजुरी किती, जमा किती, बाकी किती. उन्हाळ्यातली पानं गच्च भरलेली, पावसाळ्यात एका पानात महिना. शेवटच्या पानावर अपघाताच्या दिवशीची सकाळची एन्ट्री. मॅडम एक एक पान मोबाईलच्या उजेडात वाचत होत्या आणि महिन्याची बेरीज बाजूला पेन्सिलने मांडत होत्या, खर्च जाऊन सरासरी पंधरा हजाराच्या वर निघाली.

ह्याने काय फरक पडतो तो हिशोब सगळ्यांना माहीत पाहिजे म्हणून लिहितो. सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी ह्या निकालांत पद्धत ठरवून दिलीय. चाळिशीच्या आतला स्वतःचा धंदा करणारा माणूस असेल तर उत्पन्नात ४० टक्के वाढ धरायची, १५ हजाराचे २१ हजार झाले. मागे चार ते सहा माणसं अवलंबून असतील तर त्याचा स्वतःचा खर्च म्हणून पाव भाग वजा, राहिले १५,७५०. वर्षाचे १ लाख ८९ हजार. ३१ ते ३५ वयाला गुणक १६, म्हणजे ३० लाख २४ हजार. वर सहवास गमावल्याचे बायको, पोरं, आई प्रत्येकाला वेगळे, मुळात ४० हजार होते, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढून आमच्या वेळी ४८,४०० झाले होते, आणि अंत्यविधी वगैरेचे थोडे. आता हेच उत्पन्न "पुरावा नाही" म्हणून दहा हजार धरलं असतं तर ३० लाखाच्या जागी २० लाख. फळीवरच्या त्या वहीची किंमत दहा लाख होती भो, आणि आम्ही दुकान आवरताना ती रद्दीत घालणार होतो.

विमा कंपनीच्या वकिलाने आधी उत्पन्न आठ हजार म्हटलं, मग हेल्मेट नव्हतं म्हणून त्यांचीच चूक म्हटलं. घटनास्थळाच्या पंचनाम्यात फुटलेलं हेल्मेट लिहिलेलं होतं आणि ट्रकच्या टायरच्या खुणा आमच्या बाजूच्या लेनमध्ये. त्यामुळे एफआयआर, पंचनामा, नकाशा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट ह्या सगळ्याच्या नकला लवकर घ्या आणि बसून वाचा. पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला रिपोर्ट आणि ९० दिवसांत सविस्तर रिपोर्ट ट्रायब्युनलला द्यायचा असा २०२२ पासून नियम आहे. आम्हाला नकलेसाठी सात चकरा झाल्या, मॅडमनी लेखी अर्ज लिहून दिला तेव्हा त्या थांबल्या.

रजिस्टरमधल्या तीन शेतकऱ्यांना साक्षीला बोलावलं. एक बाबा केळीची कटाई सोडून आले, गाडीभाडं पण घेतलं नाही, आणि पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, हो, हे माझंच नाव, ही मोटर त्यानेच भरली, आणि ही बाकी अजून मी दिलेली नाही. बाहेर आल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यातून ती बाकी काढून ताईच्या हातात ठेवली. अठराशे रुपये. ताई दीड वर्षात तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडली.

पहिल्या लोक अदालतीत कंपनीने १३ लाख म्हटलं. मॅडम म्हणाल्या घाई नाही. नातेवाईकांतले चार जण आमच्यावर चिडले, हातचं सोडता म्हणे. साक्षी झाल्यावर २०२५ च्या सप्टेंबरच्या राष्ट्रीय लोक अदालतीत २६ लाखावर तडजोड झाली. निकालापर्यंत थांबलो असतो तर थोडे जास्त आले असते, दावा टाकल्या तारखेपासूनचं व्याज पण, पण मग अपील, हायकोर्ट, अजून किती वर्षं. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं म्हणून ताईने हो म्हटलं. तो निर्णय तिचा होता, आम्ही कोणी मध्ये बोललो नाही. एजंटला सही दिली असती तर ह्यातले साडेसहा लाख त्याचे होते. वकिलाची फी आम्हाला शून्य लागली, खर्च झाला तो झेरॉक्स आणि एसटीचा.

पोरांचे पैसे ती अठराची होईपर्यंत एफडीत, आजीचा हिस्सा वेगळा, ताईचा तिच्या एकटीच्या खात्यात. खातं तिच्या एकटीच्या नावावर असू द्या, जॉइंट नको, हे पण मॅडमनीच आधी बजावलं होतं आणि का ते मला नंतर घरात बघायला मिळालं.

बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात त्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २ लाख वेगळे मिळतात, पासबुकात ती कपात आहे का बघा, आम्हाला ती चौथ्या महिन्यात दिसली. सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेचं तालुका कृषी कार्यालयात लगेच विचारा.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत पोहोचा, दुपारनंतर गर्दी होते आणि क्लार्क बाई एकट्याच आहेत. आणि मूळ कागद कोर्टात दिले असतील तर केस संपल्यावर परत मागायचा अर्ज विसरू नका. आम्ही तो दिला. रजिस्टर मागच्या महिन्यात घरी आलं, पहिल्या पानावर एक्झिबिटचा, म्हणजे कोर्टातल्या पुराव्याचा, शिक्का आहे, बाकीची पानं तशीच आहेत, काळे अंगठे पण.