पुण्यात समुद्री शेवाळ : बेणं आणायचं की बीजाणू सोडवायचे?

वाघोलीच्या शेडमध्ये टाक्या मांडून समुद्री शेवाळ वाढवायचं म्हणता, तर टाकीआधी बेण्याचं बघा.

ऊस लावलेल्या माणसाला कप्पाफायकस, म्हणजे फांद्याफांद्यांचं एक लाल समुद्री शेवाळ, लगेच कळतं. फांदी तोडायची, बांधायची, वाढली की तिच्याच फांद्या पुढचं बेणं. तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर असंच चालतं. प्रयोगशाळा लागत नाही. पण उसासारखंच, तेच बेणं वर्षानुवर्षं फिरवलं की जोम उतरतो. ताण बसला की फांद्या पांढऱ्या पडून गळतात, त्या रोगाला ‘आइस-आइस’ म्हणतात. शिवाय जिवंत माल किनाऱ्यावरून इथवर आणायचा. टेम्पो उन्हात अडकला की संपलं.

टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बारीक तुकड्यापासून रोपं करणं, केळीवाल्यांच्या ओळखीचं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं कप्पाफायकसवर हे काम केलंय. रोपं निरोगी, एकसारखी. पण निर्जंतुक खोली स्वतः उभारू नका, रोपं विकत मिळाली तर घ्या.

माझं मत उल्वा या दुसऱ्या शेवाळाच्या बाजूनं, आणि तेही बीजाणूंनी, म्हणजे नवी रोपं देणाऱ्या सूक्ष्म कणांनी. उल्वा म्हणजे पालकाहून पातळ, हिरवंगार पान. त्याच्या बारीक चकत्या कापून, नीट धुऊन, ताज्या खाऱ्या पाण्यात उजेडाला ठेवल्या की बीजाणू रोखणारे पदार्थ निघून जातात. दोन-तीन दिवसांत कडा मळकट पिवळसर होतात आणि बीजाणू सुटतात. मूठभर पानांतून हजारो रोपं, म्हणजे घाट चढायला एक थर्मास पुरे. रोपांवर डायटम, म्हणजे तपकिरी थर धरणारं सूक्ष्म शेवाळ, चढलं तर ते रोखायला जर्मेनियम डायऑक्साइडची अगदी किंचित मात्रा.

गोम अशी, की बीजाणू सुटणं हे न सांगता मोठ्या टाकीतही होतं. पानं फार बारीक तुटली किंवा पाण्यात अचानक बदल झाला की बघता बघता पीक पांढरं आणि पाणी हिरवं! म्हणून वाढीच्या टाकीत तुकडे मोठेच ठेवायचे, पाणी थोडं थोडं बदलायचं.

पाणी मात्र कुठल्याही पद्धतीत तेच. हजार लिटरला साधारण 35 किलो क्षार लागतात. नुसतं खडेमीठ चालत नाही, मॅग्नेशियम-कॅल्शियमही हवं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. एप्रिल-मेमध्ये पातळी उतरली की भर गोड्या पाण्याची घालायची. मीठ टाकीतच राहिलेलं असतं. आणि काढलेलं खारं पाणी कुठे सोडणार, ते आजच ठरवा. शेजारी विहिरी आहेत.