फांदी पाण्यात रुजवायची की थेट मातीत?

मनी प्लांटची छाटलेली फांदी हातात आली की पहिला प्रश्न पडतो तो हाच. मुळं दोन्हीकडे फुटतात, पण ती सारखी नसतात आणि निवड खरं तर त्यावरून करायला हवी.

आधी फांदी नीट बघा. पान खोडाला जिथे जोडलेलं असतं त्या पेरापाशी तपकिरी रंगाचा बारीक उंचवटा दिसतो. मूळ तिथूनच निघणार. म्हणून पेराच्या किंचित खाली कापायचं. पाण्यात ठेवा किंवा मातीत, तो पेर आत गेलाच पाहिजे. नुसतं देठासकट पान ठेवलं तर कधी कधी त्यालाही मुळं येतात, पण नवा कोंब जिथून फुटतो तो डोळाच नसल्यामुळे पुढे वेल काही निघत नाही. पाण्यात बुडालेली पानं मात्र काढून टाका, ती सडतात आणि सगळं पाणी नासवतात.

पाण्याची सगळ्यात मोठी सोय म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. मनी प्लांट, सिंगोनियम, कोलियस यांना उबदार हवेत एक-दोन आठवड्यांत पांढरी टोकं दिसू लागतात. खोड खालून बुळबुळीत झालं तर तेही लगेच कळतं. तेवढा भाग कापून, भांडं घासून पुन्हा सुरुवात करता येते. ज्यांनी आजवर एकही फांदी रुजवलेली नाही, त्यांना मी बिनदिक्कत पाणीच सांगते. पाणी द्यायला विसरणाऱ्यांनाही. फक्त साचलेल्या पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी ते बदलायचं. काचेत हिरवं शेवाळ धरत असेल तर गडद रंगाची बाटली घ्या.

पाण्यातल्या मुळांना पाणी शोधावं लागत नाही, त्यामुळे त्यांच्यावर केसांसारखे बारीक तंतू कमी असतात आणि ती चटकन तुटतात. फिलोडेंड्रॉनची एक फांदी मी चार महिने बाटलीत ठेवली होती. मुळांचा गुंता इतका देखणा झाला की काढवेना. शेवटी कुंडीत लावली आणि आठवड्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली. फार जीव लावला होता तिला. तेव्हापासून मुळं तीन ते पाच सेंटीमीटर झाली की मी थांबत नाही.

मातीत हा बदलच टळतो. मुळं जिथे वाढायची तिथेच फुटतात आणि पहिल्यापासून धट्टीकट्टी असतात. पण साधी बागेतली माती घट्ट बसते, म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके खडे) निम्मं निम्मं घ्या. मुळं नसताना पानांतून पाणी उडतच असतं, त्यामुळे वरून पारदर्शक पिशवी सैलसर घाला. सगळ्यात अवघड काम म्हणजे उपटून न बघणं! तीन-चार आठवड्यांनी फांदी अगदी हलकेच ओढा, अडली तर रुजली. नुसत्या नव्या पानावर विसंबू नका, साठवलेल्या अन्नावरही ते फुटू शकतं.

काही झाडांच्या बाबतीत मात्र निवडीला फारशी जागा नाही. जेड आणि इतर जाड, रसाळ पानांच्या झाडांची फांदी चार-पाच दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्या आणि मातीतच लावा. पाण्यात ती सहज कुजतात. स्नेक प्लांटचं पान दोन्हीकडे रुजतं, पण महिना-दोन महिने सहज लागतात. पिवळ्या किनारीच्या जातीच्या पानातून येणारी रोपं साधी हिरवी निघतात. किनार हवी असेल तर पान रुजवूच नका, कुंडीत बाजूला फुटलेली रोपं मुळांसकट वेगळी करा.

पाण्यातून कुंडीत हलवताना पहिले दोन आठवडे माती नेहमीपेक्षा ओलसर ठेवा आणि कडक उन्हापासून लांब ठेवा. नंतर हळूहळू पाणी कमी करा. माझ्या फिलोडेंड्रॉनच्या वेळी मी नेमकं हेच केलं नव्हतं.