पायथनमध्ये एडिटेबल इन्स्टॉल: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेले काही महिने सगळे पायथन प्रोजेक्ट 'पिप इन्स्टॉल -ई .' (हेच एडिटेबल इन्स्टॉल: कोड कॉपी न करता जागेवरूनच इन्स्टॉल करणं) करूनच चालवतोय. त्याआधी आमच्या रेपोत निम्म्या फाइलींच्या डोक्यावर सिस.पाथ.अपेंड असायचं (सिस.पाथ म्हणजे पायथन मॉड्यूल जिथे शोधतो त्या फोल्डरांची यादी), आणि कुणी फोल्डर हलवला की मॉड्यूलनॉटफाउंडएरर ठरलेला.

खरी मेख अशी: टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये उघडलंय तिथून मॉड्यूलचा शोध सुरू होतो, असं बहुतेकांना वाटतं. पण स्क्रिप्ट थेट चालवली की सिस.पाथमध्ये पहिला नंबर त्या स्क्रिप्टच्या फोल्डरचा. त्यामुळे कमांड प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरातून (रूट) दिली तरी स्क्रिप्ट्स/रिपोर्ट.पीवायला शेजारचं कोअर पॅकेज दिसत नाही. तेच 'पायथन -एम स्क्रिप्ट्स.रिपोर्ट' असं चालवा, चालू फोल्डर पहिला येतो आणि इम्पोर्ट मुकाट होतं. टिंबवाले रिलेटिव्ह इम्पोर्टही ('फ्रॉम . इम्पोर्ट', म्हणजे आपल्याच पॅकेजातलं) असेच -एमने सुटतात. थेट चालवलेल्या फाइलला आपण कुठल्या पॅकेजातले हेच ठाऊक नसतं. यावर '__इनिट__.पीवाय (फोल्डर पॅकेज आहे हे सांगणारी फाइल) टाक' हा सल्ला हमखास मिळतो. पायथन 3.3 पासून ती फाइल नसली तरी फोल्डर इम्पोर्ट होतो, आणि ती टाकल्याने शोधाचा रस्ता काही बदलत नाही.

एडिटेबल इन्स्टॉलने साइट-पॅकेजेसमध्ये (इन्स्टॉल केलेली पॅकेजेस राहतात तो फोल्डर) आपल्या सोर्सकडे बोट दाखवणारी नोंद पडते. मग कुठूनही चालवा, आणि कोड बदलला तरी पुन्हा इन्स्टॉल नको. त्यासाठी पायप्रोजेक्ट.टॉमल (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) लिहावं लागतं, कंटाळवाणं पण एकदाच. मात्र नवीन कमांड किंवा डिपेंडन्सी जोडली की पुन्हा इन्स्टॉल करावंच लागतं. कोड एसआरसी फोल्डरात ठेवा. नाहीतर सेटअपटूल्स (पॅकेज बांधणारं साधन) कधीकधी अशी नोंद करतं, की प्रोग्रॅम चालतो आणि एडिटर मात्र लाल रेघा मारत बसतो.

नावांची टक्कर याने सुटत नाही. स्क्रिप्टशेजारी रँडम.पीवाय असेल तर स्टँडर्ड लायब्ररीतलं रँडम बाजूला पडतं, आणि एरर येतो तो भलत्याच फंक्शनचा. अशा वेळी मी आधी रँडम.__फाइल__ छापतो, पाथ आपल्याच फोल्डरचा निघाला की निकाल लागला. 3.13 मध्ये एररच फाइलचं नाव बदलायला सुचवतो, फार बरं झालं. 3.11 पासून -पी (कॅपिटल) दिलं की स्क्रिप्टचा फोल्डर यादीत येतच नाही.

एवढं करूनही मॉड्यूल सापडलं नाही तर सिस.एक्झिक्युटेबल (चालू असलेल्या पायथनचा पाथ) छापा. बऱ्याचदा इन्स्टॉल एका व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये (प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) झालेलं असतं आणि चालत दुसराच पायथन असतो.