जपानमधील एक वर्ष: यजमान कुटुंब की वसतिगृह?

आदानप्रदान कार्यक्रमातून जपानी विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याला निवासाच्या अर्जात बऱ्याचदा यजमान कुटुंब किंवा वसतिगृह यांपैकी एकाची निवड करावी लागते. शालेय वयात एएफएस किंवा रोटरी या संस्थांच्या आदानप्रदान कार्यक्रमांतून जाणाऱ्यांपुढे हा प्रश्न सहसा नसतो. त्यांना कुटुंबातच ठेवतात आणि रोटरीच्या कार्यक्रमात तर वर्षभरात अनेकदा घरही बदलते. जपानमधल्या ओकायामा शहरात मी ऑक्टोबरपासून पाच महिने एका कुटुंबात आणि नंतरचे सहा महिने वसतिगृहात काढले. भाषा शिकणे हाच हेतू असेल तर कुटुंबाला तोड नाही, मात्र कडक शाकाहारी विद्यार्थ्याने त्याआधी दोनदा विचार करावा, असे माझे मत आहे.

पुण्यात वर्गात शिकलो ती 'देस-मास'ची, म्हणजे वाक्याच्या शेवटी 'देस' किंवा 'मास' येणारी अदबशीर जपानी, आणि घरात ती कोणीच बोलत नव्हते. केवळ 'अहो-जाहो' शिकून आलेल्या परक्या माणसाला मराठी घरातले 'अरे-तुरे' ऐकून जे होईल तेच माझे झाले, पण नाताळपर्यंत कान तयार झाला. घरातून निघताना 'इत्तेकिमास' म्हणायचे. त्याचा अर्थ 'जाऊन येतो', म्हणजे आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो त्यातलाच प्रकार. परतल्यावर 'तादाइमा' म्हटले की आतून 'ओकाएरी' ऐकू येते. वसतिगृहात शेजारच्या खोल्यांमध्ये परदेशी विद्यार्थीच असल्याने संध्याकाळचे सारे बोलणे इंग्रजीत होई, आणि महिन्याभरात माझी जपानी अडखळू लागली.

घराच्या शिस्तीचा खरा कस न्हाणीघरात लागतो. टबाबाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचे आणि मगच चाळीस अंशांच्या आसपास तापवलेल्या पाण्यात उतरायचे, कारण तेच पाणी घरातले सगळे पाळीपाळीने वापरतात. पाहुणा म्हणून पहिल्या रात्री मला पहिला मान मिळाला आणि मी चांगुलपणाने बूच काढून टब रिकामा करून आलो. ओतोसान, म्हणजे यजमान वडील, टॉवेल घेऊन दाराशी उभेच होते. ते काही बोलले नाहीत, मात्र दुसऱ्या दिवशी ओकासानने, म्हणजे यजमान आईने, टबावर झाकण कसे ठेवायचे आणि उरलेले पाणी छोट्या पंपाने कपडे धुण्याच्या यंत्रात कसे घ्यायचे, हे मला हसत दाखवले. वसतिगृहात असले काहीच नसते. शॉवर घ्यावा आणि खोलीत जावे.

जेवणाच्या बाबतीत मात्र वसतिगृह सरस ठरते. मांस दिसले नाही की पदार्थ शाकाहारी, अशी अनेक घरांत प्रामाणिक समजूत असते. पण मिसो सूपच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सूपच्या, मुळाशी 'दाशी' हे उकळून काढलेले चवदार पाणी असते आणि ती बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची असते. कोंबू या समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळंबीची दाशी करता येते, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रोज वेगळे पातेले चढवायला लावणे जिवावर येते. त्यामुळे अर्जात नुसते 'शाकाहारी' न लिहिता 'मासे आणि माशाची दाशीही चालत नाही' असे स्पष्ट लिहावे. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात मी वरणभात करत असे. फोडणीच्या वासावर तक्रार आली, पण ती एकदाच.

कुटुंबात वेळेचे बंधन असते. रात्री जेवायला येणार नसल्यास ते दुपारीच कळवावे लागते, कारण ताट वाढून वाट पाहिली जाते. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. पण असे काम बहुधा संध्याकाळचे असते आणि यजमानांच्या जेवणाची वेळही तीच. शिवाय घरे बऱ्याचदा उपनगरांत असतात, तेव्हा भाड्याबरोबरच रोजच्या प्रवासाचा खर्चही धरावा. उलट १४ दिवसांच्या आत करायची पत्त्याची नोंदणी आणि आरोग्य विम्याचे कागद यांसाठी ओकासान स्वतः माझ्याबरोबर आल्या, आणि कचऱ्याचे वर्गीकरण तर मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

विद्यापीठाची परवानगी मिळत असेल तर आधी कुटुंब आणि मग वसतिगृह हा क्रम घ्यावा. सत्रे एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात आणि खोल्यांचे वाटप त्याआधीच उरकते. म्हणून मध्येच जागा बदलता येईल का, हे भारतातून निघण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.