साडेसात लाखांची जर्मन गाडी, सोलापुरात चार वर्षं

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची पोरं २०२० पर्यंत माझ्या नावाने ५०१ ची पावती फाडायची. २०२१ ला तीच पोरं आली, गेटसमोरच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि ५,००१ चा आकडा घालूनच पुस्तक पुढे केलं. ही गाडी समोरच्या घरातल्या नव्या स्विफ्टच्या ऑन-रोड किमतीपेक्षा स्वस्तात आली हे मी त्यांना सांगून बघितलं. "काय ओ काका, चेष्टा करता काय," म्हणाले.

तर गाडी अशी: जर्मन सेडान, २०१२ चं मॉडेल, दोन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, काळा रंग. जुलै २०२१ मध्ये पुण्याहून घेतली, तेव्हा मीटरवर ७१,००० किलोमीटर होते. किंमत ७ लाख ४० हजार. नवी असताना ती चाळीस लाखांच्या आसपास गेली असणार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की मुद्दा राहतो बाजूला आणि कुठली भारी यावरून भांडणं लागतात. पुढचं सगळं त्या वयाच्या कुठल्याही जर्मन गाडीला थोड्याफार फरकाने लागू आहेच.

माझं अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. आमच्या धंद्यात युरोपातले जुने रेपियर माग येतात, तिकडे दहा-पंधरा वर्षं राबून आलेले. माग स्वस्तात पडतो, पण त्याचा फिटर गावात नसेल तर शेडमधली जागा अडवून बसतो. असे बसलेले माग मी बरेच बघितलेत. म्हणून गाडी बघायच्या आधी तीन महिने मी मिस्त्री शोधत होतो.

सापडला तो असा. पुण्यातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं जर्मन गाड्यांवर काम केलेला, लॉकडाऊनमध्ये गावी परतलेला, पत्र्याच्या शेडमध्ये दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज, पण टेबलावर लॅपटॉप आणि स्कॅनर. सगळे उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. पहिल्या भेटीत त्याने बजेट विचारलं. म्हटलं, सात-साडेसात. तो म्हणाला, "मग गाडी पाचची घ्या ओ शेट. दोन माझ्याकडं ठेवा."

मी ऐकलं नाही. साडेसातची साडेसात गाडीतच घातली. या रिव्ह्यूतलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर उस्तादचं ते ठेवा.

तीन गाड्या बघितल्या. पहिली दिल्लीची. दिल्लीत तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना सरसकट बंदी होती, २०१५ ला हरित लवादाने घातली आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्यामुळे नऊ वर्षांच्या झाल्या की तिकडच्या डिझेल गाड्या मातीमोल भावात निघायच्या. दीड लाखाचा फरक होता. पण तिकडची एनओसी आणायची, इथे महाराष्ट्राचा एकरकमी टॅक्स पुन्हा भरायचा, एमएच-१३ ची पासिंग करायची. हिशेब केला तर दीड लाखातलं फार काही हातात उरत नव्हतं, वर आरटीओच्या चकरा. सोडली. पुण्याची गाडी घेतली की राज्यातल्या राज्यात टॅक्सची भानगड नाही.

दुसरी पुण्यातल्याच एका डीलरकडे. "डॉक्टरांची गाडी आहे." जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्याच गाड्या डॉक्टरांच्या असतात. मीटर ५८,००० दाखवत होतं. उस्तादला सोबत नेलं होतं, त्याने डॅशबोर्डखाली स्कॅनर लावला. या गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद फक्त मीटरमध्ये नसते, इतर कंट्रोल युनिटमध्येही सांडलेली असते. मीटर मागे घेणारा दरवेळी सगळीकडे हात फिरवतोच असं नाही. गिअरबॉक्सच्या नोंदीत १,१३,००० निघाले. उस्तादने काही न बोलता लॅपटॉप डीलरकडे वळवला. डीलर म्हणाला, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल. आम्ही म्हटलं, असेल, आणि चहा प्यायला गेलो ते परत गेलोच नाही.

तिसरी ही. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात हैदराबाद बुडालं होतं, आपल्याकडे भीमेलाही पूर आला होता, त्यामुळे पाण्यात गेलेल्या गाड्या बाजारात फिरत असणार ही धास्ती होती. उस्तादने चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढले. बेल्टचा जो भाग कायम गुंडाळलेला असतो तो कुणी धुवत नाही, गाळाची रेघ तिथेच सापडते. मग डिकीतला गालिचा उचलून नाक खाली घातलं. कोरडं होतं. कंपनी वर्कशॉपच्या नोंदी २०१९ पर्यंतच्या सलग होत्या. मागचे दोन्ही टायर २०१८ चे, पुढचे २०१५ चे; हे कळायला टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचायचे, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. एवढं सगळं करून घेतली.

चालवायला कशी आहे? माझ्या कमरेची एक गादी सरकलेली आहे. आधीच्या गाडीने पुण्याला गेलो की इंदापूरला एकदा उतरून कंबर मोडायला लागायची. हिच्यात अडीचशे किलोमीटर सलग बसतो आणि पुण्यात उतरल्यावर माणसासारखा चालतो. शंभरच्या स्पीडला आत बोलताना आवाज चढवावा लागत नाही. दार लावताना जो 'डब्ब' आवाज येतो त्यासाठी मी अजूनही कधीकधी उगाच दार उघडून लावतो. आईला अक्कलकोटला नेलं तर स्वामींचं दर्शन झाल्यावर म्हणाली, आलो कधी ते कळलंच नाही. मात्र सीट इतकी खाली की तिला बाहेर काढताना दोघं लागतो. आणि जुळे सोलापुरातले स्पीड ब्रेकर! ज्याला वाटलं त्याने आपल्या दारासमोर सिमेंटचा उंचवटा घालून ठेवलाय. तिथे मी गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवतो आणि मागची रिक्षा हॉर्न वाजवत बसते.

आता मोहोळची गोष्ट. एप्रिल २०२३, दुपारचे चार, पुण्याहून परतत होतो. मोहोळ तीन किलोमीटरवर असताना स्क्रीनवर कूलंटचा इशारा आला. मी तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद केलं आणि उस्तादला फोन लावला. तो म्हणाला, "चावी काढा, टोपण उघडू नका, उसाचा रस प्या." रसाची गाडी खरंच समोर होती. दोन ग्लास प्यालो, दोन तास लिंबाच्या झाडाखाली बसलो. सोलापूरहून गाडी पाठीवर घेऊन जाणारं फ्लॅटबेड आलं, साडेपाच हजार.

गॅरेजमध्ये त्याने पाइपाच्या टोकाचा काळा प्लास्टिकचा जोड काढून माझ्या हातात दिला. "अंगठ्यानं दाबा." दाबला तर कट्‌ करून तुकडा पडला, अगदी कडक भाकरीचा पडतो तसा. हाताला मऊपणा म्हणून नाहीच, नुसता भुगा. इंजिन चालू असलं की त्या जोडातून नव्वद-शंभर डिग्रीचं पाणी फिरतं, बंद केलं की गार होतं, असं अकरा वर्षं. त्यात आवाज आत येऊ नये म्हणून इंजिन वरून-खालून झाकणांनी बंद केलेलं, आणि बाहेर सोलापूरचा एप्रिल, बेचाळीस-त्रेचाळीस. "शेट, प्लास्टिकला ऊन लागलंय," उस्ताद म्हणाला, जसं पोराला लागतं तसं.

तो जोड १,८५० रुपयांचा. पण बाकीचे चार जोडही त्याच वयाचे, वॉटर पंपही, थर्मोस्टॅटही. सगळं एकदम बदललं, फ्लॅटबेड धरून १८,५०० झाले. मी इशारा आल्यावर "मोहोळपर्यंत जाऊ, तिथं बघू" म्हणालो असतो तर इंजिनचं हेड वाकलं असतं आणि हा रिव्ह्यू मी भंगारवाल्याच्या वजनकाट्यावरून लिहिला असता.

पैशाचं स्पष्ट लिहितो, कारण ते कुणी लिहीत नाही. घेतल्या घेतल्या सगळी ऑइलं, फिल्टर, ब्रेक पॅड आणि बॅटरी, ६२,०००. बॅटरी बदलली की नवी बसवली आहे हे लॅपटॉप लावून गाडीला कळवावं लागतं, नाहीतर ती जुन्या बॅटरीसारखीच चार्ज करत राहते. टायर रनफ्लॅट होते, म्हणजे पंक्चर झालं तरी ८० च्या स्पीडने ८० किलोमीटर जायचं, म्हणून स्टेपनीच नाही. नवे रनफ्लॅट ९६,००० म्हणाले. मी साधे चार ४४,००० ला घातले आणि एक स्टेपनी डिकीत टाकली. तेव्हापासून अर्धी डिकी तिचीच. पुढच्या सस्पेन्शनचे आर्म कंपनीत १,३८,००० सांगितले. उस्तादने लेमफर्डरचे मागवले, मजुरीसकट ५८,०००. लेमफर्डर म्हणजे डुप्लिकेट नव्हे, नव्या गाड्यांना माल पुरवणाऱ्यांपैकीच आहे, फक्त डब्यावर गाडीचा लोगो नसतो. स्पेअरच्या धंद्यात असल्याने मला यात नवल वाटलं नाही, आमच्याकडेही खोक्यालाच निम्मे पैसे पडतात. गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलायची गरज नाही असं सगळे सांगतात. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. बदललं, ३४,०००. गिअर पुन्हा लोण्यासारखे पडायला लागले. एसीचा कंडेन्सर २१,०००, त्याचं कारण पुढे येतंय. दरवर्षीची सर्व्हिसिंग १८,००० च्या घरात, चार वर्षांची ७२,०००. मोहोळचे धरले आणि किरकोळ तीसएक हजार मिळवले की ३ लाख ४० हजार.

या चार वर्षांत गाडी ४५,००० किलोमीटर चालली. म्हणजे दुरुस्ती किलोमीटरला साडेसात रुपये. डिझेल? सरासरी पंधराचं अ‍ॅव्हरेज, हायवेला अठरा, गावात अकरा. म्हणजे किलोमीटरला सहा रुपयांच्या आसपास. दुरुस्तीचा खर्च डिझेलच्या वर जातो हे घेण्याआधी मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. इन्शुरन्स यात नाही. १५०० सीसीच्या वरची गाडी असल्याने नुसत्या थर्ड पार्टीलाच ७,८९७ अधिक जीएसटी. सरकारने या गाडीला आणि अल्टोला एका पंगतीत बसवलं ते एकदाच, एचएसआरपी नंबर प्लेटला. दोघांनाही ७४५ अधिक जीएसटी. त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता कंडेन्सर. दुकानाच्या तिन्ही बाजूंना टॉवेलचे कारखाने. हवेत कापसाची तूस कायम. ती पुढच्या जाळीतून आत जाऊन कंडेन्सरला अशी चिकटते की उस्तादने काढला तेव्हा त्यावर दुलईच शिवल्यासारखी दिसत होती. आता दर महिन्याला हवा मारून घेतो. बाहेरून धुण्याचं तर विचारूच नका. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते काळ्या गाडीवर ओतलेलं शेजाऱ्यांनी बघितलं तर वर्गणी ५,००१ वरून कुठे जाईल सांगता येत नाही. ओल्या टर्किश टॉवेलने पुसतो. माल घरचाच आहे.

एक तोटा हिशेबात धरलाच नव्हता. पहिल्या दिवाळीत गाडी घेऊन वसुलीला गेलो. कारखानदाराने आधी गाडी बघितली, मग माझ्याकडे, मग म्हणाला, "शेट, तुमचं बरं चाललंय की. आमचं थोडं थांबेल ना?" त्यानंतर गिऱ्हाइकाकडे जायचं तर अ‍ॅक्टिव्हा. गाडी दुकानामागे, झाकण घालून.

कुणी घ्यावी, हे लोक विचारतात. हप्त्यावर अजिबात घेऊ नये. घरात ही एकच गाडी असणार असेल तरी नको, कारण महिन्यातून एखाददोन दिवस ती उस्तादकडे असणार असं धरूनच चालायचं. कंपनीचं वर्कशॉप पुण्यात आणि गावात भरवशाचा मिस्त्री नाही, अशी स्थिती असेल तर फुकट मिळाली तरी नको. बाकी ज्याला रोकड देता येते, वर निम्मी रक्कम बँकेत बाजूला ठेवता येते आणि ज्याची कंबर दुखते, त्याने खुशाल घ्यावी.

गेल्या महिन्यात एकाने ३ लाख २५ हजाराला मागितली. घरी विषय काढला. बायको म्हणाली, "द्या की. मग पुण्याला कशानं जायचं?" विषय तिथेच राहिला. २०२७ ला पंधरा वर्षं होतील, तेव्हा फिटनेस आणि फेरनोंदणी आहे, त्याचं तेव्हा बघू.

सध्या मागची डावी काच अर्ध्यात अडकली आहे. आतला रेग्युलेटर तुटलाय, प्लास्टिकचाच. पुण्याहून पार्सल निघालंय, साडेनऊची ट्रॅव्हल्स सात रस्त्याला उतरवणार आहे. ड्रायव्हरचा फोन आला की अ‍ॅक्टिव्हा घेऊन निघायचं.