‘मस्ट’ की ‘हॅव टू’?

शाळेत दोन्हींचा अर्थ ‘पाहिजे’ असा पाठ केला, घोळ तिथूनच सुरू झाला. बोलणाऱ्यालाच आतून वाटतं तेव्हा ‘मस्ट’: ‘आय मस्ट कॉल आई’, आईला फोन करायलाच हवा. नियम बाहेरून येतो तेव्हा ‘हॅव टू’: ‘आय हॅव टू वेअर अ युनिफॉर्म’, गणवेश घालावा लागतो. आपलं ‘हवं’ आणि ‘लागतं’ जवळपास हीच वाटणी करतात. रोजच्या बोलण्यात हा फरक पुसट होतो. अदलाबदल झाली तरी कुणी अडवत नाही.

खरी गंमत नकारात. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे चक्क मनाई, येऊ नकोस. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे यायलाच हवं असं नाही, जमलं तर ये. परदेशी राहणाऱ्या मित्राला त्रास नको म्हणून मी एकदा पहिलं वाक्य पाठवलं. तो महिनाभर बोलला नाही!

भूतकाळात ‘मस्ट’ हात वर करतं. काल जावं लागलं, तर ‘आय हॅड टू गो’. ‘ही मस्ट हॅव गॉन’ म्हणजे तो गेला असणार, नुसता अंदाज. आणि ‘मस्ट टू गो’ कधीच नाही. ‘टू’ लागतो तो ‘हॅव’लाच.